वणव्यात सेवा करणाऱ्यांच्या मनाची जपणूक
(व्याख्यानाचा लेखरूप गोषवारा)



रुग्णालय म्हटले की डोळ्यांसमोर उभा राहतो तो रुग्ण. त्याच्या उशाशी रात्र जागवणारी परिचारिका, शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर, रुग्णवाहिकेचा चालक, खोली स्वच्छ करणारा सेवक, यांनाही एक घर असते, एक मन असते, याचे मात्र सहसा विस्मरण होते. संकट कोसळते तेव्हा या विस्मरणाचे मोल फार मोठे ठरते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यातील वणव्यांनी हा धडा जगाला दिला आहे.

८ नोव्हेंबर २०१८ रोजी सकाळी साडेसहाच्या सुमारास त्या राज्याच्या उत्तर भागात एका जुन्या वीजवाहिनीतून आग लागली. जोरदार कोरड्या वाऱ्याने ती काही तासांतच पॅराडाइज या सुमारे २६ हजार वस्तीच्या डोंगराळ गावात शिरली. ८५ माणसे मृत्युमुखी पडली, १८ हजारांहून अधिक इमारती भस्मसात झाल्या. त्या राज्याच्या इतिहासातील हा सर्वांत प्राणघातक वणवा होय.

गावाच्या पूर्व कडेला, दरीच्या काठावर फेदर रिव्हर रुग्णालय होते. तेथील साठांहून अधिक रुग्ण तातडीने हलवावे लागले. रुग्णवाहिका पुरेशा नव्हत्या, म्हणून परिचारिकांनी आणि इतर सेवकांनी स्वतःच्या मोटारींतून रुग्ण नेले. रस्ते वाहनांनी तुंबले होते आणि भर सकाळी रात्रीसारखा अंधार दाटला होता. नुकतीच शस्त्रक्रियेने प्रसूत झालेली एक माता ज्या रुग्णवाहिकेत होती, ती वाटेतच पेटली. सोबतच्या कर्मचाऱ्यांनी जवळच्या एका रिकाम्या घराच्या मोटारखोलीत तिला आश्रय दिला. काहींनी छतावर चढून पाइन वृक्षाची वाळलेली पाने दूर केली व छतावर पाण्याचा फवारा मारला. त्यांच्यातील एका परिचारिकेने, आपण वाचत नाही असे समजून, घरच्यांना दूरध्वनीवरून अखेरचा निरोपही दिला. सुदैवाने ती सर्व मंडळी वाचली. मार्गात अडकलेले काही कर्मचारी तर परत फिरून रुग्णालयाच्या हेलिकॉप्टर तळावर जखमींवर उपचार करू लागले.

त्या दिवशी या सेवकांपैकी अनेकांची स्वतःची घरे जळत होती. पुढे ते रुग्णालयही बंदच राहिले आणि शेकडो जणांची नोकरी गेली. घर, गाव आणि कर्मभूमी, तिन्ही एका दिवसात हरपली. लोकांनी त्यांना वीर म्हटले. ते योग्यच होते. परंतु ज्याला वीर म्हटले जाते, त्याला ‘मला झोप येत नाही’ असे सांगण्याचा संकोच वाटतो. कौतुकाखाली दुःख दबून राहते, हे ध्यानात घेणे अगत्याचे आहे.

असे एकदाच घडले असते तर गोष्ट निराळी. मे २०१६ मध्ये कॅनडातील फोर्ट मॅकमरे येथील रुग्णालय वणव्यामुळे रिकामे करावे लागले. ऑक्टोबर २०१७ मध्ये कॅलिफोर्नियातील सांता रोझा येथील दोन मोठी रुग्णालये रात्रीतून हलवली गेली. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिस परिसरात वृद्धाश्रमातील सेवकांनी वृद्धांना चाकांच्या खुर्च्यांवर बसवून ज्वाळांपासून दूर नेले. २०१८ च्या त्या वणव्याचा धूर दूरवरच्या सॅन फ्रान्सिस्को परिसरात कित्येक दिवस भरून राहिला होता. तेथे वास्तव्य करणाऱ्या मराठी कुटुंबांनीही तो अनुभवला आहे.

मनाची ही जपणूक आग लागण्यापूर्वीच सुरू व्हावयास हवी. आपली मुले, वृद्ध आईवडील सुरक्षित आहेत की नाहीत, या चिंतेने ग्रासलेला सेवक निश्चिंतपणे काम करू शकत नाही. म्हणून त्यांना कोण, कोठे व कसे नेणार, संपर्क तुटल्यास कोणाला विचारावयाचे, हे प्रत्येक कर्मचाऱ्याचे आधीच ठरलेले असावे आणि संस्थेने त्यात साहाय्य करावे. रुग्णालय रिकामे करण्याचा सराव नियमित व्हावा. सरावलेल्या हातांना भीती कमी ग्रासते. दोन-दोन सहकाऱ्यांच्या जोड्या नेमून परस्परांच्या थकव्याकडे लक्ष ठेवण्याची पद्धतही उपयुक्त ठरली आहे, कारण स्वतःचा थकवा स्वतःला उशिरा कळतो.

आगीनंतर काय करावे? जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये मानसिक प्रथमोपचाराची मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तिचे सार तीन क्रियांत आहे: पाहणे, ऐकणे आणि योग्य मदतीशी जोडून देणे. यात बोलण्याची सक्ती नाही. घटना घडताच सर्वांना एकत्र बसवून एकाच बैठकीत सारे अनुभव वदवून घेण्याची प्रथा पूर्वी होती. ती पुढील मनोविकार टाळत नाही, काहींना उलट अपायकारकही ठरू शकते, असे अभ्यासान्ती आढळून आले. पहिली गरज असते ती निवारा, विश्रांती, वेतनाची शाश्वती आणि आप्तांचा सहवास यांची. मनाला आधार या साध्या गोष्टींतूनच मिळतो.

दुःखाला दिनदर्शिका नसते. धुराचा नुसता वास, नारिंगी झालेले आकाश, वेगवान वाऱ्याचा इशारा, दरवर्षी येणारा तोच दिवस, यांनी जुनी जखम पुन्हा उघडी पडते. ‘त्या रुग्णाला अधिक लवकर नेता आले असते तर’, हा सल वर्षानुवर्षे टोचतो. म्हणून साहाय्य महिनाभराने आटोपून चालत नाही. उपचार गोपनीय असावेत आणि ते घेतल्याने नोकरीस वा परवान्यास बाध येणार नाही, असा विश्वास सेवकाला मिळावा. करोनाकाळात एप्रिल २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या डॉ. लॉर्ना ब्रीन यांनी जीवन संपवले. त्यांच्या नावाने आरोग्यसेवकांच्या मानसिक स्वास्थ्यासाठी मार्च २०२२ मध्ये अमेरिकेत कायदा झाला, तो याच जाणिवेतून.

बंधुभगिनींनो, कायदे शासन करील, योजना रुग्णालये आखतील. परंतु समाजाच्या हाती एक गोष्ट निश्चितच आहे. संकट ओसरल्यावर परिचारिकेला, डॉक्टरला, रुग्णवाहिकेच्या चालकाला हार घालताना एक साधा प्रश्नही विचारावा: ‘तुमच्या घरी सर्व कसे आहे?’ आणि उत्तर येईपर्यंत शांतपणे थांबावे. जो सर्वांची शुश्रूषा करतो, त्याचीही विचारपूस करणारे कोणीतरी असावे, इतकीच विनंती.