बिग बर्था, अडीच पट



गेल्या दिवाळीतल्या शनिवारी मी ओहायोतल्या एका कापणी झालेल्या मक्याच्या शेतात उभा होतो. वर बघत होतो. दोन किलो वजनाचं, मी स्वतःच्या हातांनी चिकटवलेलं रॉकेट नाक खाली करून जमिनीकडे येत होतं. पॅराशूट उघडलेलं नव्हतं. ते का उघडलं नाही, हे त्या शेतात दोघांनाच ठाऊक होतं. एक मी आणि दुसरी माझी पंधरा वर्षांची लेक. आज तीच गोष्ट सांगायला आलोय.

तुमच्यापैकी बहुतेकांनी लहानपणी रिकाम्या बाटलीत बाण लावून उडवला असेल. आमच्या कराडच्या वाड्यात तर बाण कुणाच्या गच्चीवर पडेल यावर पैजा लागायच्या. त्या बाणाला जी लांब काडी असते ना, तीच त्याला सरळ ठेवते. मॉडेल रॉकेटला काडी नसते, शेपटीला पंख असतात. आणि मुख्य फरक असा की ते जळून संपत नाही. वर गेल्यावर मोटरच्या पुढच्या टोकाची छोटी दारू पेटते, नाकाचा शंकू, म्हणजे नोज कोन, बाहेर ढकलला जातो, पॅराशूट उघडतं आणि रॉकेट परत हातात येतं. पुन्हा मोटर घाला, पुन्हा उडवा.

ही कल्पना नेब्रास्कातल्या नॉरफोक गावच्या एका चपला-बुटांच्या दुकानदाराची, ऑरव्हिल कार्लाइलची. 1954 साल. पुढे स्पुटनिक उडालं आणि इथली पोरं घरच्या घरी दारू कुटून हात भाजून घेऊ लागली. तेव्हा व्हर्न एस्टिस यांनी या कागदी नळीतल्या तयार मोटरी भराभर बनवणारं यंत्र उभं केलं. त्या यंत्राला त्यांनी नाव दिलं होतं मेबल! एस्टिस कंपनी मग कोलोरॅडोतल्या पेनरोझला गेली, आणि तिथल्या जुन्या, लाडक्या रॉकेटांपैकी एक म्हणजे बिग बर्था. दोन फूट लांब, जाडजूड, गोलसर पंखांची. वजन सत्तर ग्रॅमच्या आसपास. जाडी असल्यामुळे ती हळू, डौलात वर जाते, लहान मुलांना शेवटपर्यंत दिसते.

लेक आठ वर्षांची असताना आम्ही ती बांधली होती. चौथ्या उड्डाणाला ती एका मेपलच्या शेंड्याला अडकली, ती कायमचीच.

त्यानंतर सात वर्षं गेली. घरात किशोरवयीन मूल असलेल्यांना वेगळं सांगायला नको. दार बंद, कानात इअरफोन, जेवायला बोलवायचं तर मेसेज. आणि मग गेल्या जूनमध्ये एका रात्री ती माझ्या टेबलाशी आली आणि एक कागद ठेवला. "बाबा, बिग बर्था. पण चार इंच व्यासाची."

मूळ नळी 1.64 इंचांची. म्हणजे जवळजवळ अडीच पट. लांबी सरळ गुणायची, पाच फुटांच्या थोडी आत येते. मी म्हटलं, सोपं आहे. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी एखाद्या क्लायंटकडे पाहतो. कारण सगळं अडीच पट होत नाही. पंखांचं क्षेत्रफळ सहा पट होतं. आकारमान, आणि म्हणून वजन, साडेचौदा पट. सत्तर ग्रॅमचं एक किलो झालं की! शिवाय बाल्साच्या मऊ लाकडाचे पंख आता चालत नाहीत, तिथे सहा मिलिमीटरचं प्लायवूड लागतं. नुसते बाहेरून चिकटवलेले पंख उतरताना तुटतात, म्हणून नळीला खाचा पाडून ते आत मोटरच्या नळीपर्यंत न्यावे लागतात आणि तिथे इपॉक्सीने पक्के करावे लागतात. असं करत करत आमचा आकडा दोन किलोंवर गेला.

आता हे सगळं वजन शेपटीकडे वाढलं. गुरुत्वमध्य मागे सरकला. रॉकेट सरळ जायचं तर गुरुत्वमध्य हा हवेच्या दाबाच्या मध्यबिंदूच्या पुढे, निदान नळीच्या एका व्यासाइतका पुढे हवा. नाहीतर ते हवेत कोलांट्या मारतं. लेकीनं ओपनरॉकेट नावाच्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये सगळं बसवलं आणि नोज कोनच्या आत दोनशे ग्रॅम वजन चिकटवायला सांगितलं. वजन जास्त झालं म्हणून आणखी वजन घाला! माझ्या एमबीएच्या पुस्तकात हे बसत नव्हतं, पण मी चिकटवलं.

मोटरचंही तसंच. मोटरींना अक्षरं असतात आणि प्रत्येक अक्षराला ताकद दुप्पट होते. लहान बर्थेला सी लागते, कमाल 10 न्यूटन-सेकंदांची. मोठीला एच, कमाल 320 ची. एच मोटर अठरा वर्षांखालच्यांना विकतच नाहीत, आणि मोठ्यांनाही आधी एक परीक्षा द्यावी लागते. स्वतः बांधलेलं रॉकेट तपासनिसांसमोर उडवायचं आणि न मोडता परत आणायचं. शिवाय दीड किलोच्या वर वजन गेलं की एफएएची परवानगी लागते, ती क्लब काढतो. तुमच्या घरात लहान मुलं असतील तर यातलं काहीही लागत नाही, साधी किट आणि मोकळं मैदान पुरतं. इथल्या क्लबांमध्ये अशा कुटुंबांचं स्वागत होतं.

तर व्यवस्था अशी ठरली की डिझाईन तिचं, बांधकाम माझं, कारण कार्डावर नाव माझं. दिवसभर मी लोकांना प्रोजेक्ट प्लॅन समजावतो, आणि संध्याकाळी गॅरेजमध्ये पॉलिश पेपर घेऊन नळी घासायचो. ती स्टुलावर बसून चुका काढायची. खरं सांगतो, गेल्या काही वर्षांतला तो आमचा सगळ्यात छान काळ होता.

आणि मग तो शनिवार. तपासणीत सुरक्षा अधिकाऱ्यानं पंख हलवून पाहिले, नोज कोनला धरून रॉकेट उचललं. कोन हळूच सरकला. असाच हवा, म्हणाला. लेकीनं घरी मास्किंग टेपचे वेढे मोजून तो तसा बसवला होता. पण लाँच रेलजवळ गेलो तर वारा सुटलेला. मला तो कोन सैल वाटायला लागला. मधेच निसटला तर? मी खिशातून टेप काढली.

"बाबा, नको. मी सेट करून आणलंय."

"अगं, वारा बघ किती आहे. मला कळतं."

आणखी दोन वेढे दिले. कोन घट्ट बसला. मला बरं वाटलं.

शंभर फुटांवरून बटण दाबलं. पांढरा धूर, मोठा सुस्कारा, आणि बर्था डौलात वर गेली, सुमारे आठशे फूट. शेंड्यावर थबकली. फट् असा आवाज आला. आणि काहीच बाहेर आलं नाही. कुणीतरी ओरडलं, सगळ्यांनी बोटं वर केली. सहा-सात सेकंद असतील. मग मातीत धप्प.

नाक फूटभर रुतलं होतं, नळी कागदी कंदिलासारखी चुणली होती. पंख मात्र शाबूत. अधिकाऱ्यानं विचारलं, काय झालं? लेक माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "नोज कोन जरा घट्ट झाला असावा."

गाडीत चाळीस मिनिटं कुणी बोललं नाही. मग ती म्हणाली, "बाबा, 'झाला असावा' नाही. तू केलास." आणि इअरफोन कानात घातले.

मंडळी, मी आयटीत वीस वर्षं काढली आहेत. काही बिघडलं की अहवाल कसा लिहायचा ते मला चांगलं येतं. कर्ता गाळायचा. पण माझ्या लेकीला मराठीचं व्याकरण पक्कं येतं, त्याला काय करणार? घरी पोचल्यावर फराळाच्या ताटावर मी तिला म्हटलं, हो, मी केला. तुझं ऐकायला हवं होतं. ती चकली खात होती. म्हणाली, "नळी कापून नवा तुकडा जोडता येईल."

हिवाळाभर ते केलं. एप्रिलमध्ये पुन्हा त्याच शेतात गेलो. तपासणीच्या टेबलावर मी आधी सांगितलं, मागच्या वेळी तुमच्या तपासणीनंतर मी टेप लावली होती. अधिकाऱ्यानं मान हलवली, काही बोलला नाही, आणि नोज कोन पुन्हा एकदा उचलून पाहिला. टेपचं रीळ लेकीच्या खिशात होतं.

यावेळी फट् झालं आणि केशरी पॅराशूट उघडलं. चार फूट रुंद. बर्था झुलत झुलत नांगरलेल्या सरीत उतरली. आम्ही धावलोच. कार्डावर सही मिळाली, माझ्या नावापुढे.

लेकीला अठरा पूर्ण व्हायला अजून दोन वर्षं आहेत. पण तिचा पुढचा कागद माझ्या टेबलावर येऊन पडलाय. व्यास साडेसात इंच. लांबी नऊ फूट. गॅरेजमधली गाडी कुठे लावायची, ते त्यात लिहिलेलं नाही.