हाडांची शिल्लक
(ज्ञातिमंडळाच्या महिला मेळाव्यातील व्याख्यान)



विवाह, शिक्षण आणि विद्यार्थी-साहाय्य यांविषयी आपल्या मंडळात दरवर्षी विचारविनिमय होतो. आज आपले लक्ष मी एका घरगुती, परंतु तितक्याच गंभीर विषयाकडे वेधू इच्छिते.

घरातील एखादी वडीलधारी स्त्री न्हाणीघरात पाय घसरून पडते, खुब्याचे हाड मोडते आणि ती अंथरुणाला खिळते. ‘वय झाले, चालायचेच,’ असे म्हणून आपण मनाचे समाधान करून घेतो. परंतु साध्या पडण्याने हाड मोडावे, हा काही वार्धक्याचा धर्म नव्हे. बहुधा तो हाडांच्या ठिसूळपणाचा, म्हणजे ज्याला वैद्यकशास्त्र ऑस्टिओपोरोसिस म्हणते त्या व्याधीचा परिणाम असतो. आणि ही व्याधी पुष्कळ अंशी टाळता येते.

हाड निर्जीव नसते. जुना भाग झिजविणे व नवा घडविणे हे कार्य त्यात अखंड चालू असते. सुमारे तिशीपर्यंत जमेची बाजू वरचढ राहते. पुढे शिल्लक उतरू लागते. ऋतुनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन या संरक्षक अंतःस्रावाचे प्रमाण घटते आणि पहिली काही वर्षे झीज झपाट्याने होते. या झिजेला ना ठणका, ना ताप. म्हणून किरकोळ पडण्याने मनगट मोडणे, उंची घटणे, पाठीस बाक येणे या खुणांना धोक्याची सूचना मानावे.

तेव्हा सासूबाईंच्या खुब्याची काळजी खरे पाहता नातीच्या ताटापासून सुरू होते. दुधाचा पेला मुलाला आणि चहा मुलीला, तसेच सर्वांच्या मागून उरेल ते गृहिणीला, ही आपल्या पुष्कळ घरांतील रीत त्या शिल्लकेवरच घाला घालते. प्रौढ स्त्रीला दररोज १००० आणि ऋतुनिवृत्तीनंतर १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळावे, अशी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०२० ची शिफारस आहे. दोनशे मिलिलिटर दुधातून सुमारे २४०, तर शंभर ग्रॅम नाचणीतून सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळते. गरिबाचे अन्न म्हणून आपण नाचणीला स्वयंपाकघराबाहेर घालविले. तिला सन्मानाने परत आणावे. दही, ताक, तीळ आणि पालेभाज्या यांची जोड द्यावी. डाळी, कडधान्ये, आणि चालत असल्यास अंडी व मासे यांतून प्रथिनेही मिळावीत.

अन्नातील कॅल्शियम अंगी लागण्यास ‘ड’ जीवनसत्त्व हवे. ते त्वचेत सूर्यप्रकाशाने तयार होते. तरीही या सूर्यसंपन्न देशात त्याची उणीव सर्रास आढळते, कारण दिवस बंद खोल्यांत जातो. उणीव आढळल्यास वैद्याच्या सल्ल्याने औषध घ्यावे. मोठ्या मात्रा मनाने घेऊ नयेत. शरीराचा भार पेलल्यानेच हाड बळकट राहते. म्हणून रोज अर्धा तास झपझप चालावे, जिने चढावे. घरकामाने देह थकतो खरा, पण तेवढ्याने हा व्यायाम होतोच असे नाही.

पासष्टी उलटलेल्या, साध्या पडण्याने हाड मोडलेल्या किंवा दीर्घकाळ स्टिरॉइड घेणाऱ्या भगिनींनी डेक्सा ही हाडांची घनता मोजणारी तपासणी करून घ्यावी. तिला वेदना नाहीत आणि वेळही थोडा लागतो. व्याधी आढळल्यास आज परिणामकारक औषधे उपलब्ध आहेत. न्हाणीघरात दांडी बसवावी, जमीन कोरडी ठेवावी, रात्री दिवा ठेवावा. आणि दुर्दैवाने खुबा मोडलाच, तर ‘या वयात शस्त्रक्रिया कशाला?’ असे म्हणून दिवस घालवू नयेत. प्रकृती मानवत असल्यास दोन दिवसांच्या आत शस्त्रक्रिया होणे हिताचे असते. अंथरुणावर पडून राहण्यातच न्यूमोनिया आणि शय्याव्रण यांचे भय अधिक.

मंडळाने मुलींच्या शिक्षणासाठी निधी उभारला, हे भूषणावह आहे. परंतु शिकलेल्या मुलीला उतारवयात ताठ उभे राहता यावे, हेही आपले कर्तव्य नव्हे काय? त्यासाठी निधी नको, ठरावही नको. आज घरी गेल्यावर पानावर सर्वांनी एकत्र बसावे, आणि मुलीच्या व तिच्या आईच्या वाट्याचे दूध आधी काढून ठेवावे, एवढीच माझी विनंती.