घरातलं माणूस गेल्यावरची कागदपत्रं

विषय अशुभ वाटेल; पण तेराव्यानंतर नुसतं पासबुक घेऊन काउंटरवर आलेल्या वहिनी मी नोकरीत पुष्कळ पाहिल्या, म्हणून बोलतो.

मृत्यूची नोंद २१ दिवसांत, तीही मृत्यू झाला त्या गावीच. साताऱ्याचा पेशंट मिरजेच्या दवाखान्यात गेला, तर दाखला सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेचा. साताऱ्यात हेलपाटे घालू नका. नाव आधारप्रमाणं आहे का ते खिडकीवरच बघा आणि आठ-दहा प्रती घ्या.

दिवसकार्याच्या खर्चाला म्हणून मयताच्या एटीएम कार्डावर पैसे काढतात. हे मुळीच करू नका! पुढं भावाभावांत तेच उकरून निघतं. सरळ बँकेला कळवा.

बँक नॉमिनीला पैसे देते, पण तो मालक होत नाही. वारसांच्या वतीनं सांभाळणारा विश्वस्त असतो. आपल्या फ्लॅटचंही तसंच. थोरला नॉमिनी आहे म्हणून लेकीचा हक्क जात नाही. ज्याला जे द्यायचंय ते मृत्युपत्रात लिहा, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या.

गावाकडं शेती असेल तर वारसनोंदीचा अर्ज तीन महिन्यांत तलाठ्याकडं द्यायचा.

सोसायटीचे नॉमिनेशन फॉर्म सेक्रेटरींकडं आहेत. जेवायला जायच्या आधी घेऊन ठेवा.