कोरे अंडे आणि कोंबड्यावरचा आळ

(उत्तन परिसरातील घरगुती कुक्कुटपालकांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



मीरा-भाईंदर म्हटले की आज डोळ्यांसमोर उभ्या राहतात त्या उंच इमारती. १९८५ साली येथे नगरपालिका झाली आणि २००२ साली महानगरपालिका. तथापि भाईंदर पश्चिमेकडून मुर्धा, राई, मोर्वा या गावांवरून डोंगरी-उत्तनकडे निघाले की परसातली कोंबडी अजूनही भेटते. चार पिल्ले विकून येणारा पैसा बहुधा घरातील स्त्रीच्याच हाती राहतो. त्यामुळे खुडूक कोंबडीखाली बारा अंडी मांडावीत आणि एकवीस दिवसांनी तीनच पिल्ले बाहेर पडावीत, ही काही लहानसहान हानी नव्हे. अंडी जातात ती जातातच. शिवाय तेवढे दिवस ती कोंबडीही अंडी देत नाही.

असे झाले की आळ येतो तो कोंबड्यावर. तो निकामी ठरतो आणि रविवारच्या आत विकला किंवा कापला जातो. कधी दोष ढगांच्या गडगडाटाला दिला जातो. म्हणून टोपलीत लोखंडाचा तुकडा व कोळसा ठेवण्याची रीत अनेक गावांत आहे. त्या लोखंडाने अपाय काही होत नाही. परंतु कोंबड्याचा मात्र पुष्कळदा अन्याय्य बळी जातो. पिल्लू न निघालेले प्रत्येक अंडे वांझ असते असे नाही, एवढेच मला आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

प्रथम अंड्याची ओळख करून घेऊ. ताजे अंडे बशीत फोडले तर पिवळ्या बलकावर एक फिकट ठिपका दिसतो. तो प्रत्येक अंड्यात असतो. अंडे वांझ असेल तर तो बारीक, दाट पांढरा व वेडावाकडा असतो. फलित असेल तर तो सुमारे चार मिलिमीटरचा, गोल आणि कडेला कड्यासारखा रेखीव दिसतो. अर्थात फोडलेले अंडे पुन्हा मांडता येत नाही. तेव्हा ही परीक्षा दोन-तीन अंड्यांवरच करावी आणि तेवढ्यावरून सगळ्या कळपाचा निवाडा करू नये. अंडे पाण्यात बुडते की तरंगते, यावरून ते ताजे की शिळे एवढेच कळते. त्याच्या फलितपणाशी त्याचा संबंध नाही. बाजारातून आणलेली अंडी तर मांडूच नयेत. मोठ्या फार्मवर अंड्यांसाठी पाळलेल्या कोंबड्यांत कोंबडा ठेवीत नाहीत, आणि तपकिरी कवच म्हणजे गावठी अंडे, ही समजूतही खरी नाही.

खरी उपयुक्त परीक्षा प्रकाशाची. पूर्वी ती मेणबत्तीच्या उजेडात करीत, आज साधी बॅटरी किंवा मोबाइलचा उजेड पुरतो. पुठ्ठ्याच्या खोक्याला रुपयाएवढे भोक पाडावे, आत उजेड ठेवावा आणि सातव्या रात्री, कोंबडी दाणापाण्याला उठली असता किंवा तिला हळूच बाजूला करून, खोलीतला दिवा मालवून एकेक अंडे रुंद बाजूने त्या भोकावर धरावे. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या तांबड्या शिरा आणि मध्ये हलणारा काळा ठिपका दिसला, तर अंडे जिवंत. कोंबडीच्या अंड्यातील गर्भाचे हृदय तांबड्या थेंबासारखे उडताना दिसते, हे ॲरिस्टॉटलने सुमारे तेवीसशे वर्षांपूर्वी लिहून ठेवले आहे. माझ्यासारख्या कलाशाखेच्या पदवीधरालाही ते पाहताना कौतुक वाटते. शिरा नाहीशा होऊन नुसते रक्ताचे कडे उरले असेल तर गर्भ वाढू लागून मेला. काहीच न दिसता अंडे सरळ पारदर्शक राहिले तर त्याला आपण कोरे म्हणू.

घोटाळा होतो तो या कोऱ्या अंड्यात. ते वांझ असू शकते. तसेच गर्भ अगदी पहिल्या एक-दोन दिवसांत, रक्त दिसण्यापूर्वीच मेलेलाही असू शकतो. म्हणून कोरे अंडे फेकू नये, फोडून पाहावे. ठिपका बारीक व दाट असेल तर वांझ. तो पसरून पांढरट चकतीसारखा झाला असेल तर कोंबड्याने आपले काम केले होते. बिघडले ते साठवणीत.

आपल्या किनाऱ्यावर हे फार घडते. उन्हाळ्यात दिवसा तापमान तिशीच्या पुढे असते. विशीच्या पुढे गेले की गर्भाची वाढ कोंबडी बसण्यापूर्वीच रेंगाळत सुरू होऊ शकते. तो अशक्त होतो आणि मरतो. फ्रिजची थंडीही त्याला मानवत नाही. घरातील गारव्याच्या जागी, ओल्या वाळूवर ठेवलेल्या मडक्यात, निमुळते टोक खाली करून अंडी ठेवावीत आणि सात दिवसांच्या आत मांडावीत. प्रत्येकावर शिसपेन्सिलीने तारीख व कोणत्या कोंबडीचे ते लिहावे. एवढ्या नोंदीवरून पुष्कळ उलगडते. जुन्या तारखांचीच अंडी कोरी निघाली तर दोष साठवणीचा. एकाच कोंबडीची निघाली तर तिच्यावर लक्ष ठेवावे. सगळ्यांचीच वांझ निघाली तर मात्र कोंबड्याकडे पाहावे. आठ-दहा कोंबड्यांमागे एक धडधाकट कोंबडा पुरतो. म्हातारा, लंगडा किंवा फार लठ्ठ असेल तर पुरत नाही.

चौदाव्या दिवशी पुन्हा एकदा पाहिले की जिवंत अंडे हवेची पोकळी सोडून जवळजवळ पूर्ण काळे दिसते. अठराव्या दिवसानंतर अंड्यांना हात लावू नये.

कोंबडा बदलणे भागच पडले तर घाई मात्र नको. कोंबडीच्या अंडनलिकेत शुक्रजंतू साठविणाऱ्या सूक्ष्म नलिका असतात आणि एका संयोगानंतर दहा-चौदा दिवस, कधी त्याहूनही अधिक काळ, फलित अंडी येत राहतात. म्हणजे नवा कोंबडा आणल्यावर पहिले दोन-तीन आठवडे निघालेली पिल्ले नव्याचीच असतील असे सांगता येत नाही. कडकनाथसारखी एखादी जात शुद्ध राखण्याची इच्छा असेल तर तेवढ्या दिवसांची अंडी घरी खावीत आणि त्यानंतरची मांडावीत. जातिवंत पक्ष्यांविषयी चौकशी करावयाची असेल तर आरे दुग्ध वसाहतीतील केंद्रीय कुक्कुट विकास संघटना आपल्यापासून फार दूर नाही. आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जाताना ती पेन्सिलीची नोंद बरोबर घेऊन जावी.