बिअरमध्ये केळं घातलं नाही, तरी केळ्याचा वास कसा?

आजचा भाग एकवीस पूर्ण झालेल्यांसाठी. बाकीच्यांनी पुढच्या भागाला भेटा.

पुण्यात २००९ मध्ये डूलाली सुरू झालं, आणि आपल्यापैकी अनेकांनी 'हेफेवायझेन' हा शब्द तिथून पुढे ऐकला. जर्मन गव्हाची बिअर, जरा गढूळ. वास घेतला की केळं आणि लवंग. मला कायम विचारतात, फ्लेवर घालतात का रे? नाही! यीस्ट साखर खाताना आयसोअमाइल अ‍ॅसिटेट बनवतं, तेच पिकलेल्या केळ्यातही असतं. लवंगेचा वासही यीस्टचीच करामत.

पण आपण काय मागतो? 'भाऊ, एकदम चिल्ड!' जीभ बधिर, नाकाला काही कळत नाही. ग्लास दोन्ही हातांत धरा, पाच मिनिटं थांबा, सात-आठ डिग्रीला वास उघडतो. फोटो नंतर काढा, फेस कोणासाठी थांबत नाही.

आता महत्त्वाचं. लागरला लोण्याचा, थिएटरमधल्या पॉपकॉर्नसारखा वास आला तर तो डायअ‍ॅसिटिल. यीस्टला वेळ दिला तर ते स्वतःच तो परत शोषून घेतं, बहुतेकदा घाई नडते. काही इंग्लिश एलमध्ये थोडासा चालतो, बहुतेक लागरमध्ये नाही. आणि आपण? महागडा पाइंट आहे, म्हणजे चव अशीच असणार, असं म्हणून गपचूप संपवतो. का? हॉटेलात आंबलेली डाळ आली तर परत पाठवतोच ना! सरळ सांगा. चांगला ब्रूअर स्वतः येऊन चाखतो.

सँपलर घेतलात तर हलकीपासून सुरुवात, स्टाउट शेवटी. आणि मसाला पापड त्याच्याही नंतर, प्लीज.