वंशावळीत नसलेली आमची मूळ माता
(जीर्णोद्धार व कलशारोहण सोहळ्यातील भाषण)



समितीने मला दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली. मी तहसील कचेरीतला कारकून. विद्वत्तेचे बोलणे मला येत नाही, कागदाचे बोलतो.

2023 साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीच्या कामासाठी मराठवाड्यात जुन्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. कचेऱ्यांतले जुने बस्ते सुटले, घरोघर वंशावळी लिहिल्या गेल्या. मीही आमची लिहिली. सात पिढ्या भरल्या आणि पाहतो तो काय, त्यात एकही बाई नाही! जणू आमच्या घरात बापाच्या पोटीच बाप जन्मला.

मग मी पणजोबांच्या आजीचा शोध घेतला. मोठ्या दुष्काळात नवरा गेला आणि तिने पोरे जगवली, एवढेच घरात सांगत. तो दुष्काळ 1876 ते 1878 चा असावा. तेव्हा आपला जिल्हा हैद्राबाद संस्थानात होता. सरकारी कागद 1884 पर्यंत फारसीत, पुढे उर्दूत. गावचे कुलकर्णी मात्र मोडीत लिहीत. घरच्या पेटीत असाच एक मोडी कागद निघाला. जाणकाराकडून वाचून घेतला. शेताच्या उत्पन्नातून याच देवाच्या नंदादीपास तेल द्यावे, असा तो होता. देणारी कोण? अमक्याची बायको, बेवा. नाव नाही. नाशिकला आमच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत तिच्या मुलाची नोंद सापडली, 'सोबत मातोश्री'. तेथेही नाव नाही. त्या शेताला आम्ही आजही 'म्हातारीची पट्टी' म्हणतो. तीन ठिकाणी ती भेटली. पण कुठे बायको, कुठे आई, कुठे म्हातारी.

परळीच्या वैजनाथाचा जीर्णोद्धार अहिल्यादेवी होळकरांनी केला, हे आपण अभिमानाने सांगतो. राणीचे नाव राहिले. तेल घालणारीचे गेले.

आता माझी चूक सांगतो. या मंदिराच्या देणगीच्या पावत्या मीच फाडल्या. आमच्या मंडळींनी शेळी विकून 5,100 रुपये दिले. पावतीवर मी माझे नाव लिहिले! दुसऱ्याला काय बोलू? ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. पहाटेच्या थंडीत दोघे राबतात, मोळी बाई डोक्यावर वाहते. त्या कोयत्यांनी दिलेल्या देणग्याही मी एकट्या गड्याच्या नावे मांडल्या. कोयता दोघांचा, पावती एकाची.

1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलाच्या नावापुढे शासकीय कागदपत्रांत आईचे नाव लावणे सरकारने बंधनकारक केले आहे. सरकारला जे उमगले, ते देवाच्या दारी आपल्याला जड जाऊ नये.

देणगीदारांचा संगमरवरी फलक अद्याप कोरायचा आहे. माझी हात जोडून विनंती आहे की, जिने दिले तिचे नाव तिच्याच नावाने सांगा. दोघांचे असेल तर दोघांचे सांगा. यादी घेऊन मी उद्या सकाळी सभामंडपात बसतो. पहिली दुरुस्ती माझ्या घरची होईल. आणि समितीची हरकत नसेल तर नंदादीपाजवळ एक लहान ओळ कोरावी: 'तेल देणाऱ्या एका मातेच्या स्मरणार्थ'. खर्च मी देईन.

देव सर्वांचे कल्याण करो. रामकृष्ण हरी.