आरोग्यशालेच्या दारात



प्रवासाच्या गोष्टी सांगणाऱ्या वक्त्याकडे श्रोते जरा संशयाने पाहतात, आणि ते वावगे नाही. काय पाहिले हे सांगता सांगता तो आपण किती हिंडलो हेच सांगू लागतो. म्हणून आरंभीच कबूल करतो की, आज आम्ही सांगणार आहो ती आमच्या एका फजितीची हकिगत आहे.

२०१२ साली नोकरीच्या निमित्ताने आम्ही उभयता बँकॉकला राहत होतो. त्या जून महिन्यात पुण्याहून दादा, वहिनी आणि त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी अशी मंडळी आमच्याकडे आली. कंबोडियातील अंकोरची देवळे तेथून फार दूर नाहीत, तेव्हा सिएम रीप या गावी पाचसहा दिवस मुक्काम करावा असा बेत ठरला. बेत कळताच आमची पुतणी म्हणाली, "काका, नुसते दगड पाहून यायचे का? तिथं मुलांची मोठी इस्पितळं आहेत म्हणे. दोन दिवस तिथं काम करू."

कल्पना सर्वांना आवडली. पुतणीने फुगे, रंगीत खडू आणि चित्रांच्या वह्या घेतल्या. वहिनींनी पुण्याहून आणलेला लिमलेटच्या गोळ्यांचा डबा बरोबर ठेवला. दादांनी कॅमेरा घेतला. खरे सांगायचे तर, आजारी मुलांमध्ये बसलेले आपण कसे दिसू याचे एक चित्र आम्ही निघण्यापूर्वीच मनात काढून ठेवले होते.

शनिवारी सकाळी हे सगळे साहित्य घेऊन आम्ही गावातल्या एका बालरुग्णालयाच्या दारात उभे राहिलो. फजिती आमची आहे, म्हणून त्या रुग्णालयाचे नाव घेत नाही. एक परिचारिका बाहेर आली आणि तिने आमचे सारे बोलणे शांतपणे ऐकून घेतले. मग तिने विचारले, "तुमच्यात डॉक्टर कोण? परिचारिका कोण?" कोणीच नव्हते. "किती दिवस राहणार?" दोन. तेव्हा ती मोडक्या इंग्रजीत, पण अगदी स्पष्ट म्हणाली की, आत मुले तापाने फणफणली आहेत, त्यांना परक्या माणसांचा संसर्ग नको. आणि दोन दिवसांत ज्याला काम शिकवावे लागेल, तो ते शिकून होईतो निघून जाईल. दादांना हे लागले. "आम्ही फुकट करायला आलो, तरी नको?" असे ते परतीच्या वाटेवर दोनदा म्हणाले.

दादांच्या या प्रश्नाचे उत्तर त्या देशाने आधीच शोधून ठेवले होते, हे आम्हांला मागाहून कळले. कंबोडियातील अनाथालयांची संख्या २००५ मध्ये १५४ होती. २०१० पर्यंत ती २६९ झाली. एवढी मुले पाच वर्षांत अनाथ झाली काय? तसे नव्हे. त्यांतील चारांपैकी जवळजवळ तीन मुलांचे आई किंवा बाप, निदान एक तरी, हयात होते. वाढली होती ती आमच्यासारख्यांची रांग. फुगे घेऊन येणारे, दोन दिवस गाणी म्हणणारे आणि निघताना पाकीट ठेवून जाणारे. मग त्या पाहुण्यांना दाखविण्यासाठी मुले लागू लागली. मुले ही प्रवाशांनी पाहावयाची वस्तू नाही, हे सांगण्याची मोहीमच तिकडे २०११ पासून चालविण्यात आली होती. रुग्णालयाचे दार बंद होते ते योग्यच होते.

त्याच संध्याकाळी आम्ही दुसऱ्या एका रुग्णालयाच्या सभागृहात गेलो. 'जयवर्मन सप्तम' असे त्याचे नाव. तेथे दर शनिवारी एक स्विस बालरोगतज्ज्ञ सेलो वाजवीत असत. सेलो म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ. खुर्चीवर बसून, गुडघ्यांमध्ये धरून वाजवावयाचा. या गृहस्थांचे नाव डॉ. बेआट रिख्नर. हे १९७४ मध्ये रेडक्रॉसतर्फे प्नोम पेन्ह येथील कंथा बोफा या बालरुग्णालयात कामाला आले. राजे नरोदम सिहानुक यांची लहानगी कन्या रक्ताच्या कर्करोगाने गेली. तिचे नाव या १९६२ मध्ये उघडलेल्या रुग्णालयाला दिले होते. एप्रिल १९७५ मध्ये ख्मेर रूजने राजधानी घेतली आणि रिख्नरांना देश सोडावा लागला. पुढील चार वर्षांत काय झाले ते आपण जाणता. शिकलेला माणूस दिसला की मारावा, अशा राजवटीत डॉक्टर कोठून वाचणार? सगळ्या देशात पन्नासाच्या आतबाहेर उरले, असे सांगतात. १९९१ मध्ये सिहानुकांनी रिख्नरांना परत बोलावले, १९९२ मध्ये जुने रुग्णालय पुन्हा सुरू झाले आणि १९९९ मध्ये सिएम रीपचे उभे राहिले. उपचार सर्वांना विनामूल्य.

त्या रात्री त्यांनी बाख वाजविला, आणि दोन तुकड्यांच्या मधल्या वेळात हिशोब सांगितला. त्यांची मागणी गावभर प्रसिद्ध होती. तरुण प्रवाशांनी रक्त द्यावे, वृद्धांनी पैसे द्यावेत, आणि जे मधल्या वयाचे आहेत त्यांनी दोन्ही द्यावे. सभागृहात हशा पिकला. आमचे दादा मात्र हसले नाहीत. ते आपण कोणत्या गटात बसतो याचा विचार करीत होते.

रक्ताचीच मागणी का, हे समजून घेण्यासारखे आहे. २०१२ हे कंबोडियात डेंग्यूच्या मोठ्या साथीचे वर्ष होते, आणि पावसाळा नुकता सुरू झाला होता. डेंग्यूच्या प्रत्येक रोग्याला रक्त लागत नाही. त्याचा खरा उपचार म्हणजे सलाईन नेमके किती द्यावे आणि केव्हा थांबवावे याची घटकेघटकेची देखरेख. परंतु ज्या मुलाला आतून रक्तस्राव सुरू होतो, त्याच्यासाठी रक्त तयारच हवे. मागाहून आणू म्हणून चालत नाही. याखेरीज ख्मेर लोकांत हिमोग्लोबिनचा एक आनुवंशिक दोष फार आढळतो. त्याची थॅलॅसेमियाशी गाठ पडली, तर त्या मुलाला वर्षानुवर्षे बाहेरच्या रक्तावर जगावे लागते. आपल्याकडे पुढाऱ्याच्या वाढदिवसाला मांडव घालून रक्तदान शिबिर भरते. आपण त्याला हसतो. पण त्या मांडवाची किंमत आम्हांला त्या परमुलुखात कळली.

सोमवारी आम्ही पाचही जण रक्त द्यावयास गेलो. दादांचे वय आणि रक्तदाब आड आला. ते निमूटपणे पैशांच्या खिडकीकडे वळले. आम्हां उभयतांचे रक्त घेतले. पुतणीच्या बोटाला टोचून थेंब तपासला आणि तिला बाजूला बसविले. हिमोग्लोबिन कमी. ज्या मुलीने हा सारा बेत रचला, जिच्या घरी दुधातुपाला तोटा नाही, तीच रक्त देण्यास अपात्र ठरली! ती रडली. वहिनी एकदम ताठ झाल्या आणि, सुई पाहून ज्यांना भोवळ येते, त्या त्या खाटेवर जाऊन पडल्या. "तिच्या वाटचं माझं घ्या," असे त्यांनी मराठीतच सांगितले, आणि आश्चर्य असे की ते समजले.

नंतर वऱ्हांड्यात एक बाई चटईवर बसलेली दिसली. आत तिचे मूल होते. वहिनींनी लिमलेटचा डबा पुढे केला. त्या बाईने डब्याकडे न पाहता वहिनींच्या हातावरच्या पट्टीकडे पाहिले आणि हात जोडले. वहिनींना काय करावे ते सुचेना, म्हणून त्यांनीही जोडले.

या रुग्णालयाला ज्याचे नाव दिले, तो सातवा जयवर्मन ११८१ मध्ये गादीवर आला. ता प्रोम येथील ११८६ च्या संस्कृत शिलालेखात त्याच्या राज्यातील १०२ रुग्णालयांची नोंद आहे, आणि त्या लेखांत त्यांना शब्द वापरला आहे तो 'आरोग्यशाला'. चारही वर्णांना तेथे उपचार मिळावेत असे म्हटले आहे. किती माणसे नेमावीत. तांदूळ, मध, तीळ, कापूर किती पुरवावा, हेही दगडावर मोजून लिहिले आहे. प्रजेच्या दुखण्याने राजाला स्वतःच्या दुखण्यापेक्षा अधिक पीडा होत असे, अशा आशयाचा श्लोकही आहे. राजस्तुती कोणीही लिहितो; आम्हांला त्यातली तिळाची मापे अधिक पटली. या आरोग्यशाला लाकडी होत्या, त्या गेल्या. त्यांची दगडी देवळे तेवढी काही ठिकाणी उभी आहेत. ता केओ मंदिराजवळच्या अशा एका लहानशा पडक्या देवळापाशी आमची गाडी अर्धा तास थांबली. प्रवासी तेथे फारसे उतरत नाहीत.

रिख्नरांवर टीकाही झाली. इतक्या गरीब देशाला इतकी महाग यंत्रे आणि औषधे झेपतील काय, असे जाणकार विचारीत. गरिबाच्या मुलाचा रोग स्वस्त नसतो, हे त्यांचे उत्तर. आमची शंका निराळी होती. एका माणसाच्या वाद्यावर चाललेले रुग्णालय त्या माणसामागे टिकेल काय? सप्टेंबर २०१८ मध्ये रिख्नर वारले. रुग्णालये चालू राहिली. २०१७ मध्ये अंकोरच्या तिकिटाचे दर वाढले, तेव्हापासून प्रत्येक तिकिटामागे दोन डॉलर कंथा बोफाकडे जाऊ लागले. प्रवाशाला त्यासाठी दारात उभे राहावे लागत नाही, की फुगे न्यावे लागत नाहीत.

पुतणीचे राहिले. आपल्या देशात निम्म्याहून अधिक स्त्रियांचे रक्त असेच कमी असते, आणि त्यासाठी परदेशी जाऊन बोट टोचून घ्यावे लागत नाही. पण तिला ते तेथेच कळले खरे. पुण्याला परतल्यावर डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. गोळ्यांनी पोट बिघडते म्हणून तिने मध्ये दोनदा त्या सोडल्या आणि वहिनींनी दोनदा पुन्हा सुरू करविल्या. पुढच्या वर्षी गणपतीत, गल्लीतल्या मंडळाच्या शिबिरात, ती पहिल्यांदा पात्र ठरली. त्या रात्री तिचा बँकॉकला फोन आला. बोलणे फारसे झाले नाही. "काका, बारा पॉइंट आठ," एवढेच तिने दोनदा सांगितले.